ठणकता की चमक मारता?

आज वॉर्डात ऑपरेशन झालेल्या मालवणकडच्या एक आजी होत्या. आमच्या केरळच्या सिस्टरने हिंदीत विचारलं, दर्द ० ते १० मध्ये किती? आजी म्हणाल्या, "दोन." चार्टवर तेच गेलं. पण त्यांच्या मुठीत चादर घट्ट आवळलेली होती! माझं आजोळ तिकडचं. जवळ बसून विचारलं, "आजी, ठणकता की चमक मारता?"

"ठणकता गो बाय, रातभर डोळो लागाक नाय."

लगेच डॉक्टरांना कळवलं.

सिस्टर जीव लावून काम करते, दोष तिचा नाहीच. मॅडेलिन लेनिंजर या नर्सने १९५० च्या दशकापासून हाच विचार मांडला: रुग्णाची संस्कृती ओळखल्याशिवाय शुश्रूषा अपुरी. ड्युटी संपताना सिस्टरने डायरीत मल्याळम अक्षरांत लिहून घेतलं: ठणका, कळ, चमक, सल.