टालेची चेटकिणींची रात्र

क्वेडलिनबुर्ग स्टेशनात आमच्या डब्यात सात-आठ चेटकिणी चढल्या. टोकदार टोप्या, हिरवे रंगवलेले गाल, हातात बर्चच्या काटक्यांचे झाडू. त्यांतली एक सत्तरीची असावी. नाकावर मेणाची चामखीळ चिकटवलेली, आणि छोट्या आरशात बघून ती पुन्हा पुन्हा नीट बसवत होती. लेक टक लावून बघत राहिली. आई मात्र खिडकीकडे तोंड करून बसली.

जर्मनीच्या हार्त्झ डोंगरात 30 एप्रिलची रात्र म्हणजे वालपुर्गिसनाख्ट. नाव आलं 8व्या शतकातल्या वालपुर्गा नावाच्या मठाध्यक्षेवरून, पण रात्र चेटकिणींची. त्या झाडूवर बसून 1141 मीटर उंचीच्या ब्रोकन शिखरावर सैतानाला भेटायला जातात, अशी कथा. जर्मन कवी गोएथेनं ती आपल्या 'फाउस्ट' नाटकात घेतली आणि ब्रोकनचं नाव दूरवर गेलं. पायथ्याच्या अनेक गावांत त्या रात्री जत्रा भरते. आम्ही टाले निवडलं, कारण गावावरच्या कड्याचं नावच हेक्सनटान्झप्लाट्झ, म्हणजे चेटकिणींचा नाचाचा माळ. मला तिथली दंतकथा फार आवडते. इथले सॅक्सन लोक डोंगरदेवींना पुजायचे. ख्रिस्ती फ्रँक राज्यकर्त्यांनी ते बंद पाडून पहारे बसवले, तर सॅक्सन लोक तोंडं रंगवून, झाडू घेऊन आले आणि पहारेकऱ्यांना पळवून लावलं!

वर जायला गावातून केबलकार आहे. खाली बोडे नदीची खोल घळ दिसते, दरवाजाशेजारची जागा धरा. परतीची शेवटची केबलकार किती वाजता, हे चढण्याआधीच विचारून ठेवा. उतरताना आम्ही तासभर रांगेत उभे होतो, आणि एप्रिल असला तरी थंडी चांगलीच बोचते. कानटोपी, जाड मोजे हवेतच. शाकाहारी असाल तर वाटाण्याचं सूप विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात बहुधा मांस असतं. बटाट्याची कुरकुरीत धिरडी आणि सफरचंदाची चटणी यावर आमचं पोट भरलं. सुटे युरो जवळ असू द्या.

लेकीनं टोपी आणि झाडू घेतला आणि आजीलाही टोपी घालायला लागली. आईनं हात बाजूला केला. "ही काय सोंग घ्यायची गोष्ट आहे का?"

आई नंदुरबारकडची. तिच्या लहानपणी गल्लीतल्या एका पोराला ताप आला आणि बोट गेलं एका विधवेकडे. डाकीण. तिला गाव सोडावं लागलं. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी सातपुड्यात अजून बायकांना डाकीण ठरवतात. इथेही 16व्या-17व्या शतकांत चेटकीण म्हणून बायकांना जाळलंय, हे मी तिला सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि आता त्यांच्याच नावानं नाचतात?"

अंधार पडल्यावर होळी पेटली. ढोल, आरोळ्या, धूर. आपल्या बोंबा आठवल्याच. गाडीतली ती आजीबाई दोन्ही हात वर करून नाचत होती, चामखीळ कुठेतरी पडलेली. आई तिच्याकडेच बघत होती, शेवटपर्यंत. कोरड्या वर्षी वणव्याच्या भीतीनं आग रद्द होऊ शकते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. 2018च्या दुष्काळानंतर खोडकिड्यानं इथली स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडं मारून टाकलीत. ब्रोकनकडे गेलात तर करडे, वाळके डोंगर बघून पोटात कालवतं.

मुक्कामाची खोली काही महिने आधी घ्या, टालेत नाही मिळाली तर क्वेडलिनबुर्गला. मुक्कामी पाहुण्यांना बहुतेक ठिकाणी पाहुणेकार्ड मिळतं, त्यावर हार्त्झमधल्या बस फुकट असतात. खोलीवाले स्वतःहून देतीलच असं नाही, मागून घ्या. आणि 1 मे ला आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिन. दुकानं बंद असतात. दूध-ब्रेड आदल्या दिवशीच आणा.

परतीच्या गाडीत लेक झोपली. तिच्या झाडूची तार सुटून काटक्या मांडीवर पसरल्या होत्या. आईनं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला. "हा तर खराटाच. बांधलाय ढिला." मग डब्याच्या पिशवीची दोरी काढली, काटक्या मांडीवर आपटून एकसारख्या केल्या आणि माग्डेबुर्ग येईपर्यंत तो घट्ट बांधून दिला.