बेड्यापाशी कोण होतं?

रात्रीचे पावणेबारा. दादाची गाडी दुपारी गेली, ठाण्याला पोचल्याचा मेसेज मघाशी आला. सह्यांच्या कागदांबद्दल आज काही लिहायचं नाही असं ठरवलंय. लिहायचंय ते कालच्या एका वाक्याबद्दल. दिवसभर आगरात शिंपणं करतानाही ते डोक्यातून गेलं नाही.

काल जेवणं झाल्यावर ओटीवर लॅपटॉप ठेवून आम्ही ‘द इटालियन जॉब’ पाहिला. १९६९चा, मायकेल केनचा. दादाच्या पोराला दाखवायचा म्हणून. तीन मिनी कूपर, लाल, पांढरी आणि निळी, चोरलेलं सोनं घेऊन इटलीतल्या ट्युरिन शहराच्या पायऱ्यांवरून धडधडत उतरायला लागल्या तसा दादा एकदम पुढे सरकला. पोराला म्हणाला, “हे आम्ही केलंय. पाखाडीच्या पायऱ्यांवरून, विरीत, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या रुंद बुडात बसून. लाल माझी, पांढरी तायडीची, निळी बंड्याची.” मग माझ्याकडे बघून, अगदी प्रेमाने, “आणि काका बेड्यापाशी, आगराच्या फाटकापाशी उभा. राखणीला.”

पोरगा माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. सिनेमा पुढे गेला.

पण मी बेड्यापाशी उभा नव्हतो.

तो सिनेमा आम्ही पहिल्यांदा पाहिला तो काकाने बोटीवरून आणलेल्या कॅसेटवर. माजघरात सगळी वाडी जमली होती. इंग्रजी कोणाला येत होतं? आजी तर दारात बसून वाती वळत होती, पण गाड्या नदीतल्या बंधाऱ्याच्या पाण्यातून फवारे उडवत निघाल्या तेव्हा तिचेही हात थांबले. आम्हाला एक अक्षर न कळता सगळं कळलं होतं. सोनं यांच्याकडे आहे, पोलीस मागे आहेत, आणि पोलिसांना गाडी या पोरांसारखी चालवता येत नाही. बस्स. पुढे कितीतरी पाठलाग पाहिले, त्यांत गाड्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असतात. इथे त्या हुतुतू खेळतात. दुकानांच्या कमानींतून जातात, लिंगोट्टोच्या फियाट कारखान्याच्या छपरावर चढतात (तिथे खरोखरच गाड्या तपासायचा ट्रॅक होता, थेट गच्चीवर), आणि शेवटी धावत्या बसच्या पोटात शिरतात. फ्रेंच स्टंटचालक रेमी ज्युलियनच्या माणसांनी त्या चालवल्यात. आज मी स्वतः गाडी चालवतो, तर हे किती अवघड असेल ते कळतं. तेव्हा ते फक्त मजेचं वाटायचं. ती मजा अजून जरासुद्धा उणी झालेली नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही विऱ्या रंगवल्या. लाल रंगाला गेरू, पांढऱ्याला चुना, आणि निळ्यासाठी आजीची नीळ. पोफळीची विरी रंग कुठे नीट धरते? पण लांबून कळायचं. सोनं म्हणजे काजूच्या बिया. आमच्याच खळ्यात वाळत घातलेल्या, म्हणजे चोरी घरातच. त्या न्यायच्या गडग्यापर्यंत, मग पाखाडी, मग दुकान, आणि वजनावर मिळतील त्या पैशांची आईसफ्रूटं. दोन खेपांत विरी जांभ्यावर घासून फाटायची.

हे सगळं मला इतकं स्पष्ट आठवतं. मग मी उभा होतो हे दादाला कुठून आठवलं?

काल रात्री झोप लागली नाही तेव्हा मी हिशेब केला. विरीला दोघं लागतात, एक बसणारा, एक ओढणारा. तीन विऱ्यांना सहा. आम्ही पाच होतो: दादा, तायडी, बंड्या, छोटी आणि मी. म्हणजे एका विरीत कोणी बसलेलंच नव्हतं, तिच्यात बियांचं पोतं होतं आणि ते एकजण ओढत होता. तो मी. हाताला सुंभ काचल्याचं आठवतं मला, उजव्या हाताला, अंगठ्याच्या खाली. आणि पाचही जण विऱ्यांपाशी असतील तर बेड्यापाशी कोणीच नव्हतं. म्हणूनच तर अप्पाकाकाने पकडलं ना आम्हाला! राखणीला कोणी असतं तर पकडले गेलो असतो का?

हिशेब बरोबर आहे. तरी सकाळी उठल्यावर वाईट वाटणं होतं तेवढंच होतं.

खरं सांगायचं तर विरीचं नाही वाटत. ‘काका बेड्यापाशी’ हे त्याला इतक्या सहज का सुचलं, ते टोचतं. कारण आता मी तिथेच असतो. सगळे गेले, मी राहिलो. निसर्ग वादळात अर्ध्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या तेव्हा बेडं उचलून पुन्हा लावणारा मीच, नवी रोपं घालणारा मीच. त्याने आजचं बघितलं आणि ते उचलून तेव्हाच्या जागी ठेवलं. आणि कागदांवर जे लिहिलंय तेही... नको. ते नाही लिहायचं.

या सिनेमात एक प्रोफेसर आहे, बेनी हिलने केलेला. ट्युरिनचे सिग्नल ज्या कॉम्प्युटरवर चालतात त्याची टेप तो बदलतो. त्यामुळे अख्खं शहर तुंबतं आणि मिनींना वाट मिळते. त्याने ते केलं नसतं तर लाल, पांढरी, निळी कुठली? आणि तो एकाही गाडीत बसत नाही. सोनं निघतं तेव्हा तो ट्युरिनमध्येच मागे राहतो, पोलिसांच्या हातात. त्याच्यासाठी कोणी परत जात नाही. इतक्या वेळा पाहिला सिनेमा, पण हे काल पहिल्यांदा जाणवलं, आणि पुढची पाच मिनिटं मला पाठलाग नीट दिसलाच नाही.

आज दुपारी सगळे गेल्यावर घर फार रिकामं झालं म्हणून ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ लावला. १९५१चा. त्यात अ‍ॅलेक गिनेस बँकेतला सरळमार्गी कारकून आहे. सोन्याच्या विटा गाडीतून नेताना त्यांची राखण करणं हेच त्याचं वर्षानुवर्षांचं काम. त्याच्यावर कोणाला संशय म्हणून येत नाही. आणि सोनं पळवायची कल्पना त्याचीच! विटा वितळवून आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृती करायच्या आणि पॅरिसला पाठवायच्या. त्यातही पोलिसांच्या गाड्यांचा गोंधळ आहे, वायरलेसवरून चुकीचे निरोप जातात आणि गाड्या एकमेकींवर येऊन आदळतात. मी एकटाच मोठ्याने हसलो. राखणदार माणूस इतका मन लावून चोरी करताना पाहून फार बरं वाटलं.

आणि मग ब्रिजर आठवला, ‘इटालियन जॉब’मधला म्हातारा टोळीप्रमुख, नोएल कावर्डने केलेला. एका अंत्ययात्रेपुरता बाहेर येतो, एरवी तो तुरुंगातच. फत्ते झाल्याची बातमी येते तेव्हा सगळे कैदी त्याच्या नावाचा गजर करतात आणि तो राजासारखा मान लववत चालत जातो. गाडी नाही, सोनं नाही, ट्युरिन बघितलेलंही नाही. पण कामगिरी त्याची.

संध्याकाळी तायडीला मेसेज केला. दादाचं बोलणं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, पांढरी विरी तुझी होती ना? तिचं उत्तर लगेच आलं. “कसली माझी! मला कधी बसूच दिलं नाहीत तुम्ही. मी ओढायची. तू आणि दादा बसायचात.”

तीनदा वाचलं. मी बसायचो?

म्हणजे माझा हिशेबही गेला. सुंभाचा काच मात्र खरा आहे, तो कुठला ते आता कळत नाही. त्या सिनेमात मिनी ट्युरिनच्या गटाराच्या मोठ्या नळातून पळतात, तो नळ ट्युरिनचा नाहीच, इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीचा आहे. पडद्यावर मात्र एका वळणावर ट्युरिन संपतं, कोव्हेंट्री सुरू होतं आणि बघणाऱ्याला सांधा दिसत नाही. आमचंही तसंच झालं असेल. तिघांनी तीन ठिकाणचे तुकडे जोडलेत. दादाच्या तुकड्यात मी उभा आहे, तायडीच्या तुकड्यात बसलोय. तायडीला इतकी वर्षं हे मनात ठेवावं लागलं, आणि आम्हाला कोणाला ठाऊकही नव्हतं. दादाच्या वाक्याचा राग त्या मेसेजनंतर बराच उतरला. सगळा नाही.

शेवट बघून पोरगा काल चिडला होता. डोंगराच्या कड्यावर बस अर्धी हवेत लटकतेय, मागच्या टोकाला सोनं, पुढच्या टोकाला माणसं, सोन्याकडे कोणी सरकलं की बस कलते, आणि सिनेमा तिथेच संपतो. “मग पडली का?” त्याने मला चार वेळा विचारलं. मी त्याला सांगितलं की इंग्लंडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ साली यावर चक्क स्पर्धा ठेवली होती. अर्ध्या तासात सोनं बाहेर काढून दाखवा, हेलिकॉप्टर वापरायचं नाही. तेव्हापासून तो गप्प झाला. आज निघतानाही गाडीच्या काचेतून कड्यावरच्या गणपतीच्या डोंगराकडे बघत बसला होता.

आत्ता हे लिहिताना त्याचा आवाजी निरोप आला, दादाच्या फोनवरून. झोपेतला आवाज. “काका, मी विचार केला. सगळे बसमध्ये बसले हीच चूक झाली. एक माणूस बाहेर पाहिजे होता. मग त्याने पुढून दोर बांधून धरला असता.”

मी त्याला लिहिलं, रहाटाचा आहे आपल्याकडे. चांगला जाड आहे. मे महिन्यात ये.