आण्णा डोळ्यांनी भाव विचारतात

परभणीच्या मोंढ्यात आमच्या आण्णांनी पस्तीस वर्षं आडत केली. हर्राशीत त्यांचा आवाज पार गेटपर्यंत जायचा. मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसांच्या आजारानं आधी हात नेले, मग जीभ. डोळे हलवणारे स्नायू बहुतेकांचे खूप उशिरापर्यंत टिकतात, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा त्याचं मोल कळलं नाही.

आईनं वहीच्या पुठ्ठ्यावर बाराखडी लिहिली. ती अक्षरांवरून बोट फिरवायची, हवं ते अक्षर आलं की आण्णा पापणी मिटायचे. ‘कूस’ हा शब्द जुळेपर्यंत कूस दुखून जायची, आणि मध्येच नुसती पापणी लवली तर सगळं पहिल्यापासून.

मग माझ्या साध्या अँड्रॉइड फोनवर गुगलचं ‘लुक टू स्पीक’ हे फुकटचं ॲप घेतलं. त्यात वाक्यांचे दोन गट दिसतात. डावीकडे किंवा उजवीकडे बघून एक गट निवडायचा, त्याचे पुन्हा दोन भाग होतात, असं करत एक वाक्य उरतं आणि ते फोन बोलतो. वाक्यं आपली घालता येतात. आठवडाभर घर खूश होतं. नंतर आण्णा फोनकडे बघेचनात. मला वाटलं, थकले. यादी परत वाचली तेव्हा उमगलं : पाणी, लघवी, पंखा, कूस. सगळी वाक्यं आमच्या सोयीची होती. ज्या माणसानं जन्मभर भाव केला, त्याला बोलायला आम्ही एवढंच ठेवलं होतं.

ॲपलचा आयपॅड ज्या प्रणालीवर चालतो त्या आयपॅडओएसची अठरावी आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. त्यात ‘आय ट्रॅकिंग’ आहे. वेगळं यंत्र लागत नाही, पुढचा कॅमेराच नजर टिपतो. पुण्याच्या चुलतभावानं आपला दहाव्या पिढीचा आयपॅड देऊन टाकला. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, आय ट्रॅकिंग. चालू केलं की पडद्यावर एक ठिपका जागा बदलत जातो, त्याच्या मागे नुसते डोळे न्यायचे. झालं की जिथं बघाल तिथं खूण जाते आणि थोडा वेळ नजर रोखली की बटण दाबलं जातं. या रोखण्याला ‘ड्वेल’ म्हणतात.

एवढं वाचून कोणाला वाटेल, दहा मिनिटांचं काम. आम्हाला तीन आठवडे लागले.

आयपॅड चेहऱ्यापासून साधारण दीड फुटावर हवा आणि हलता कामा नये. उशीवर टेकवला तर घसरायचा. शेवटी गल्लीतल्या भजनी मंडळाचा माईकचा स्टँड मागून आणला आणि त्याला टॅबलेटचा क्लॅम्प बसवला. (एकादशीला तो परत द्यावा लागतो. त्या दिवशी आण्णांचं मौन.) मग चष्मा. ट्यूबलाइट काचेवर चमकली की खूण भलतीकडे पळायची, म्हणून खाटेची दिशाच बदलली. लाइट गेली की कॅमेऱ्याला डोळे दिसेनात. खाट जरा सरकली की पुन्हा ठिपक्याचा खेळ. त्यासाठी वरच्या डाव्या कोपऱ्यात नजर रोखायची असते, ते आण्णा माझ्याआधी शिकले. आणि मे महिना! आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला, आमच्याकडे पत्र्याखाली दुपारी काय होतं ते सांगायला नको. तापून तो बंद पडायचा. आई म्हणायची, “काय करायलास रे, कूलर आण्णांकडं कर ना.” मी म्हणायचो, “दोघांकडंही करतो.”

मराठी टायपिंग हा वेगळाच जाच. ‘प्रकृती’ लिहायला प, पायमोड, र, क, ऋकार, त, वेलांटी, म्हणजे सात वेळा नजर रोखायची. आण्णांनी जोडाक्षरंच सोडून दिली. ‘परकृती बरी’ असं लिहितात. मी सुधारायला गेलो तर डोळे वटारले, आणि तेवढ्यात काहीतरी उघडलं.

खरी गोची तीच होती. डोळा हेच बोट झालं की बघायची सोय राहत नाही. एका रात्री आयपॅड चालूच राहिला. झोप येईना म्हणून आण्णा व्हॉट्सॲपवर मामांचा फोटो बघत पडले असतील, नजर फोनच्या चिन्हावर थांबली आणि दोन वाजता मामांना फोन गेला. उचलला तर पलीकडून नुसता श्वास. मामा पहाटे पहिल्या एसटीनं जिंतूरहून दारात हजर, डोळे सुजलेले. आण्णा जागेच होते, बहुधा हसत होते.

त्या दिवशी दुपारी त्यांनी लिहिलं : ‘नुसत बघू दे’.

मला वाटत होतं, जितका वेळ आयपॅड समोर तितकं बरं. आता दुपारी जेवणानंतर स्टँड भिंतीकडे वळवतो. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं, त्यावरच्या खारी दिसतात. तिथं कितीही रोखून बघितलं तरी काही उघडत नाही. संध्याकाळी स्टँड परत समोर. ड्वेलचा वेळही थोडा वाढवला. लिहिणं हळू झालं, पण चुकीचे फोन थांबले.

सोयाबीन निघालं तेव्हा त्यांनी मोंढ्यातल्या जुन्या भागीदाराला स्वतःहून मेसेज केला : ‘सोयाबीन?’ तिकडून लगेच उत्तर : “आण्णा? तुम्ही स्वतः?? कसे आहात, काय म्हणतात डॉक्टर?” पाठोपाठ हात जोडलेली पाच-सहा चित्रं.

आण्णांनी ते वाचलं. मग चार मिनिटं एकेका अक्षरावर नजर रोखत उत्तर पाठवलं : ‘भाव सांग’.