पाणी नऊच्या सुमारास येतं

कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंगला आलेली माणसं सकाळी साजे गावात बसमधून उतरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अहो, पाणी कुठंय?" समोर नुसते गोटे. मधून एक चिंचोळी धार, शाळकरी पोरंही चड्डी न भिजवता ओलांडतील एवढी. एखादा हळूच पैसे परत मिळतात का याची चौकशी करून ठेवतो. आम्ही हेल्मेटचे पट्टे आवळतो, जॅकेटची बकलं तपासतो, तेच ते ठरलेले विनोद करतो. मग कधीतरी वरच्या अंगाला बारीक आवाज सुरू होतो आणि बघता बघता गोटे दिसेनासे होतात. पुढचे बारा-चौदा किलोमीटर तीच धार राफ्ट उलटवायला बघते.

हे पाणी मुळशीचं. घाटमाथ्यावरच्या धरणातून डोंगराच्या पोटातून खाली येतं, भिऱ्याच्या वीजकेंद्रात चक्रं फिरवतं. 1927पासून हे चालू आहे. एरवी हेच पाणी मुळेतून पुण्याला, तिथून भीमा-कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. आता ते रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. वीज किती हवी त्यावर पाणी किती सुटणार हे ठरतं, आणि पाणी सुटलं की आमची दुकानं उघडतात. पावसाळ्याची गोष्ट वेगळी, पण बाकीचे महिने ही नदी ड्युटीवर येते आणि ड्युटी संपली की घरी जाते. दुपारी साज्याला परत गेलात तर सकाळचे तेच गोटे उन्हात तापत पडलेले असतात.

काठावरच्या गावांना हे सगळं पाठ आहे. कपडे धुवायला कुठल्या खडकावर कधी बसायचं, जाळं कधी काढून घ्यायचं, गुरं कधी पलीकडे न्यायची, याला कुणी घड्याळ बघत नाही. माहीत नसतं ते फक्त शनिवारी रात्री महामार्गाचे खड्डे खात मुंबईहून किंवा ताम्हिणीतून पुण्याहून येणाऱ्यांना. त्यांना देवकुंडाला जायचं असतं. तिथं बरंच चालावं लागतं, बरोबर पोरं असतात, म्हणून मग कॅम्पवाला सांगतो, "आपल्या मागेच नदी आहे, एकदम सेफ, बिनधास्त डुंबा." सकाळी साडेआठची नदी बघून कुणालाही ते पटेल. स्वच्छ पाणी, पायाखाली वाळू, गुडघ्याएवढा डोह. मीसुद्धा लहानपणी अशाच डोहात पोहायला शिकलो. फरक एवढाच, की वर काठावर आजी काठी घेऊन उभी असायची आणि तिनं हाक मारली की तोंडात पाणी असेल तरी बाहेर यायचं.

डिसेंबरातला रविवार होता. आमच्या तीन राफ्ट. पुढच्या राफ्टवर मी, पुण्याच्या एका आयटी कंपनीतली आठ माणसं घेऊन. पुढे सेफ्टी कयाकवर, म्हणजे वाहून जाणाऱ्याला गाठायच्या एकट्याच्या होडीवर, दाजू. तो नेपाळचा, ऋषिकेशला शिकला, इथं कोलाडला येऊन आमच्यापेक्षा चांगली भाकरी थापायला लागला. बोलतो कमी. नदीवर हा गुण सोन्याहून पिवळा.

अर्ध्या वाटेवर नदी डावीकडे वळते तिथं मधे खडकांचं एक लांबोळं बेट आहे. उजवीकडून मुख्य धार जाते. डावीकडे, बेट आणि काठ यांच्यामध्ये, एक कोरडी पन्हळ असते, आठ-दहा मीटर रुंद, गोट्यांनी भरलेली. पाणी नसताना त्या पन्हळीतून चालत बेटावर जाता येतं आणि बेटाच्या पुढ्यातला डोह म्हणजे रील काढायला बनवल्यासारखा. गोम त्या पन्हळीत आहे. तिच्या वरच्या तोंडाशी वाळूगोट्यांचा बांध साचलेला असतो. मुख्य धार वाढत जाते तसतसं बेटावरच्या माणसाला समोरचं पाणी वीतभर वर आलेलं दिसतं, तो म्हणतो, "अरे, वाढतंय जरा," आणि दोन पावलं मागे सरकून बसतो. तोवर पाणी त्या बांधाच्या काठोकाठ येतं. मग एकदम ओलांडतं. पाच-सात मिनिटांत पाठीमागची कोरडी वाट मांडीएवढ्या पाण्यानं भरते, आणि त्या पाण्याला मुख्य धारेपेक्षा जास्त ओढ असते, कारण उतार जास्त आणि जागा कमी.

वळणावरून मला बेटावर पाच माणसं दिसली. दोन पुरुष, दोन बायका, नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा. कुणाच्या अंगात जॅकेट नाही. काठावर वाडीतली एक म्हातारी धुणं बाजूला टाकून हात हलवत होती. "पानी येतंय, वर या रं पोरांनो!" तिचा आवाज बसला होता, म्हणजे ती बराच वेळ ओरडत असणार. बेटावरच्या एकीनं मोबाइल तिच्याकडे धरला होता.

मी शिट्टी फुंकली, दोन्ही हात खाली दाबून "बसा, तिथंच बसा" अशी खूण केली. बेट पूर्ण बुडायला अजून वेळ होता. तिथं बसून राहिले असते तर एकेकाला जॅकेट घालून राफ्टमधून काढलं असतं, वीस मिनिटांचं काम. पण पाठीमागे पाणी आलंय हे कळल्यावर माणूस बसत नाही. त्यातला धिप्पाड होता त्यानं मुलाला खांद्यावर घेतलं आणि पन्हळीत उतरला. जलतरण तलावात रोज पोहणारा माणूस होता, हे नंतर त्यानंच सांगितलं.

इथं जरा थांबून सांगतो, कारण हे बाहेरच्याला पटत नाही. वाहत्या नदीत माणसं फक्त खोल पाण्यात मरतात असं नाही. गुडघा ते कंबर एवढ्या पाण्यात उभं राहिलं की पाऊल दोन गोट्यांच्या फटीत जातं, पाणी मागून ढकलतं, माणूस पुढे झुकतो, पाय मात्र जागेवर. पाण्याचा जोर क्षणभरही थांबत नाही. पोहता येणं तिथं काही कामाचं नाही. म्हणून आम्ही सुरुवातीच्या सूचनांत घसा कोरडा करून सांगतो : पडलात तर उताणे व्हा, पाय वर, पाय प्रवाहाच्या दिशेला, आणि उभं राहायचा प्रयत्न करू नका. गेस्ट तेव्हा सेल्फी काढत असतात.

त्याचा डावा पाय मधोमध अडकला. तो पुढे पडला, खांद्यावरचा मुलगा सुटला आणि वाहत निघाला. पन्हळ जिथं परत मुख्य धारेला मिळते त्याच्या अलीकडे एक उंबर आडवा पडलेला आहे, फांद्या पाण्यात. अशा झाडातून पाणी जातं, माणूस जात नाही. राफ्ट मार्गदर्शकाला भोवऱ्यापेक्षा पाण्यातल्या फांद्यांची भीती जास्त. दाजूनं हे कधी ओळखलं मला माहीत नाही. मी शिट्टी फुंकत होतो तेव्हाच तो बेटाच्या खालच्या टोकाला वळसा घालून उंबराच्या वर, शांत पाण्यात कयाक घेऊन थांबला होता. मुलगा त्याच्यासमोर आला, त्यानं कयाकचं नाक पुढे केलं, पोरानं पुढची कडी धरली. एवढंच. कुणी बघितलंही नाही. सगळे त्या माणसाकडे बघत होते.

मी राफ्ट बेटाच्या मागच्या एडीत, म्हणजे खडकाआडच्या संथ पाण्यात, घातली. आमच्याकडे थ्रो बॅग असते, वीस मीटर दोर. हा दोर गुंडाळायचा नसतो, पिशवीत मुठीमुठीनं कोंबायचा असतो, म्हणजे फेकल्यावर गाठ न पडता उलगडत जातो. नवी पोरं कंटाळा करतात, नीट घड्या घालतात, आणि मी त्यांना सगळा दोर बाहेर काढून परत कोंबायला लावतो. मागे माझ्याबद्दल जे बोलतात ते मला ठाऊक आहे.

पिशवी पलीकडच्या काठावर फेकली. म्हातारीबरोबर तिचा नातू होता, सतरा-अठराचा. त्यानं ती झेलली आणि जवळच्या जांभळाला बांधायला निघाला. मी ओरडलो, "बांधू नको, धर!" कारण हा दोर हलवावा लागतो. त्या माणसाच्या पुढून, खालच्या बाजूनं, दोर दोन्ही काठांवरून ताणून वर वर आणायचा, तो त्याच्या छातीला टेकला की त्याला रेलायला आधार मिळतो, तोंड पाण्याबाहेर राहतं. बेटाच्या बाजूला दोर धरायला माझ्याकडे कोण? पुण्याची आयटीवाली. त्यातली एक बारीक मुलगी सकाळपासून "मला पाण्याची भीती वाटते" म्हणून रडकुंडीला आली होती. तिनं सगळ्यात आधी दोर धरला, खडकाला टाचा लावून बसली आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तिच्या मॅनेजरला मी तीनदा सांगितलं, गुडघे वाकव, तरी तो ताठ उभा.

पाणी वाढतच होतं, अजून पूर्ण सुटायचं होतं. दोर छातीला लागला तेव्हा त्याच्या काखेपर्यंत होतं. मी वरच्या बाजूनं त्याच्यापर्यंत गेलो. माझ्या जॅकेटला मागे दुसरा दोर होता, झटक्यात सुटेल अशा पट्ट्याला. पाय ज्या दिशेनं शिरतो तिच्या उलट दिशेनं सुटतो, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध. माणूस नेमका पुढे ओढत राहतो. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "मागे बसल्यासारखं करा, खुर्चीवर बसता तसं." पहिल्यांदा जमलं नाही. त्यानं माझी मान धरली, ती सोडवायला मला त्याच्या बोटांवर मारावं लागलं. मग तो बसला, मी पोटरीला धरून वर ओढलं आणि पाय सुटला. बूट अजून तिथंच असेल. चांगला महागातला होता.

काठावर आणल्यावर तो खोकत होता, थरथरत होता आणि "मी ओके आहे, मी ओके आहे" म्हणत होता. घोटा सुजून टम्म. मी सांगितलं, सरळ हॉस्पिटलला जा. नाकातोंडातून पाणी आत गेलेला माणूस तेव्हा बरा दिसतो आणि काही तासांनी श्वास लागायला सुरुवात होते, म्हणून डॉक्टर देखरेखीखाली ठेवतात. तो म्हणे, "घरी जाऊन बघतो, आमचे फॅमिली डॉक्टर आहेत." शेवटी त्याच्या बायकोनं गाडीची किल्ली हातात घेतली आणि विषय संपवला.

तोवर त्यांच्या कॅम्पचा मॅनेजर बुलेटवरून आला. आल्या आल्या माझ्या कानाशी, "भाऊ, आपल्या नावाचा कुठं उल्लेख नको." मुलगा कसा आहे हे त्यानं नंतरही विचारलं नाही. तिथं पाटी आहे का, असं पुण्याच्या मंडळींपैकी कुणीतरी विचारलं. पाटी आहे. गंजलेली, आणि तिच्यावर एन.ए. प्लॉटची जाहिरात चिकटवलेली.

या सगळ्यातलं जे डोक्यातून जात नाही ते वेगळंच आहे. शाल गुंडाळून बसलेला तो माणूस जरा सावरल्यावर माझ्यावर चिडला. "पाणी सोडायच्या आधी माणसांना सांगायला नको का? कुणीच काही सांगत नाही!" मी काही बोलायच्या आत म्हातारी म्हणाली, "मग मी मघापासून काय करीत होते?" त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि परत माझ्याकडे वळून म्हणाला, "नाही, पण ऑफिशियली कुणीतरी."

मी हेल्मेट-जॅकेट घातलेला, शिट्टीवाला, म्हणून ऑफिशियल. मला या नदीचं जे येतं त्यातलं निम्मं अशाच बायाबापड्यांकडून आलं. पाणी यायच्या आधी धारेवर सुक्या पानांचा आणि फेसाचा पट्टा येतो, पक्षी खडकावरून उठतात, हे मला कुठल्या सर्टिफिकेट कोर्समध्ये नाही शिकवलं. आणि दुसरी बाजूही आहे : आम्हीच रोज रंगीत राफ्टमधून किंचाळणारी माणसं घेऊन याच पाण्यातून जातो, मधल्या संथ पट्ट्यात जॅकेट घालून त्यांना नदीत उड्या मारू देतो, त्याचे व्हिडिओ टाकतो. काठावरून बघणाऱ्याला जॅकेट दिसत नाही, मजा दिसते. आमच्या मालकाला हे बोललो तर तो म्हणाला, "मग काय, धंदा बंद करू?" त्याचंही खोटं नाही.

आता शनिवारी रात्री मी ओळखीच्या कॅम्पवाल्यांना मेसेज टाकतो : उद्या पाणी अंदाजे अमुक वाजता, गेस्ट नदीत नकोत. काही जण अंगठा पाठवतात, काही नुसतं वाचून सोडतात. एकानं विचारलं, "मग गेस्टना दिवसभर करायला काय देऊ?" म्हातारीच्या नातवाला मालकाकडे चिकटवायचा प्रयत्न चालू आहे. त्याच्या हाताला दोराची जाण आहे, आणि नदी त्याला शिकवावी लागणार नाही. मालक म्हणतो, इंग्रजी येत नाही.

पंधरवड्यानं त्या माणसाचा फोन आला. घोट्यात फ्रॅक्चर निघालं, दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं होतं म्हणे. आभार मानले, मनापासून मानले. मग विचारलं, "दादा, तुमच्या हेल्मेटवर कॅमेरा होता ना? क्लिप पाठवता का? ऑफिसमध्ये कुणाचा विश्वास बसत नाहीये." क्लिप आहे. त्यात पहिली दोन मिनिटं म्हातारीचा आवाज स्पष्ट येतो. ती दोन मिनिटं ठेवून पाठवली तर तो कापूनच टाकणार, आणि उरलेल्यावर गाणं लावणार. दाजू म्हणतो पाठवून टाक, नाहीतर तो आपल्या ऑफिसला फोन करत राहील. अजून पाठवलेली नाही.