त्रास नसलेल्या माणसाला तपासणीसाठी बोलावताना

दवाखान्यात 'वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करा' असा फलक लावला म्हणून कोणी तपासणीला आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नागपुरात कौटुंबिक डॉक्टर म्हणून काम करताना मिळणारे उत्तर ठरलेले असते : "डॉक्टरसाहेब, मले काई त्रासच नाही, तं कायले तपासाचं?" या प्रश्नाला अडाणीपणा समजणे मला पटत नाही, कारण त्यामागे दिवसाची मजुरी बुडण्याचा हिशेब असतो आणि त्याहून मोठी धास्ती असते, ती म्हणजे काही निघालेच तर पुढे कुठे जायचे, सोबत कोण येणार आणि खर्च किती होणार. या धास्तीचे उत्तर आधी न देता आपण तपासणीचे महत्त्व सांगत बसतो.

बोलावणे नेमके असावे. "काकू, बुधवारी संध्याकाळी सहा वाजता या, बीपी आणि एकच रक्ततपासणी करू, उपाशी राहायची गरज नाही," असे सांगितले की यायचे की नाही हे त्यांना ठरवता येते. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी जेवल्यानंतरही करता येते आणि तिचा आकडा ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आल्यास, लक्षणे नसतील तर पुन्हा खात्री करून, मधुमेहाचे निदान होते. मात्र ज्यांना सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे त्यांच्यात हा आकडा फसवा ठरतो. विदर्भात हा आजार बराच आढळत असल्याने हे विसरून चालत नाही आणि अशा रुग्णाची उपाशीपोटीची साखरच पाहावी लागते.

आपल्या शहरात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तपासणी कोणती असेल, तर ती तोंडाची. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसभर गालात धरणारे भाऊ बीपी दाखवायला आले, की मी त्यांना स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालायला सांगतो. दोनच मावली, तर तोंड पुरते उघडत नाही हे त्यांचे त्यांनाच कळते आणि माझ्या भाषणाची गरज उरत नाही. मग टॉर्च घेऊन गालाची आतली बाजू आणि जिभेच्या कडा पाहायच्या, ताठर पांढरट पट्टे बोटाने चाचपायचे, आणि दोन आठवड्यांत न भरलेला फोड आहे का, हे विचारायचे. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात पुढील तपासणी होते, हे मी तोंड पाहण्यापूर्वीच सांगून ठेवतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन अशीच डोळ्यांनी तपासणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

उलट, सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातींना मुख्यतः आधीच प्रकृतीची काळजी घेणारे लोक प्रतिसाद देतात. शिवाय सरसकट केलेल्या सर्वसाधारण तपासण्यांनी मृत्यू कमी होतात, असे मोठ्या अभ्यासांच्या आढाव्यांत दिसलेले नाही. कुणाला कोणती तपासणी, हे ठरवणे हेच आमचे खरे काम आहे. तीस वर्षांवरील सर्वांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची सरकारी तपासणी आहे आणि तिचा अर्ज आशाताई घरी येऊन भरून घेतात, हे पुष्कळांना ठाऊकही नसते.

नवऱ्याला दाखवायला आलेली बाई बहुधा स्वतःविषयी बोलतच नाही, म्हणून तिला वेगळे विचारावे लागते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून केलेल्या अभ्यासात, गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून केलेल्या साध्या तपासणीमुळे त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या तपासणीला काही मिनिटेच लागतात आणि निकाल तिथल्या तिथे कळतो. परंतु बाईला त्याआधी काही वेगळेच जाणून घ्यायचे असते : तपासणारी स्त्रीच असेल ना, दार बंद असेल ना, आणि निकाल आधी तिलाच सांगितला जाईल ना. या तिन्ही गोष्टी मी तिने विचारण्याआधीच सांगतो, आणि मगच तारीख काढतो.