ट्रॅक्टर जिथं वळसा घालतो

इथं आयर्लंडमध्ये शेजारचे आजोबा कुरणातलं गवत कापत होते. कुरणाच्या मधोमध मातीचा गोल बांध, त्यावर काटेरी झाडं. बांधाजवळ आलं की ट्रॅक्टर वळसा घालून पुढे जायचा. प्रत्येक फेरीला. एवढी जमीन नुसती सोडलेली! आपल्याकडे वीतभर बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. विचारलं तर म्हणाले, "वडिलांनी हात लावला नाही, मीही लावणार नाही."

हा 'राथ'. साधारण इ.स. 500 ते 1000 या काळात बरी परिस्थिती असलेला शेतकरी असं कडं घालून आत घर बांधायचा, गुरं चोरांपासून वाचवायचा. आयर्लंडभर असे सुमारे 45 हजार आहेत. कायद्याचं संरक्षण आहेच, पण त्याआधी शेकडो वर्षं ते भीतीनं राखले. त्यात 'ते' राहतात म्हणे. गोष्टीतल्या पऱ्या नव्हेत, आपल्या साती आसरांसारखे. कोपले तर घर बुडवतील.

आमच्या रोसकॉमन काउंटीत तुल्स्क गावाजवळ राथक्रोहन आहे, पश्चिमेकडच्या कोनाख्त प्रांताच्या राजांचं जुनं पीठ. 240 च्या आसपास अवशेष, त्यातले कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या कुरणात, वर मेंढ्या चरताहेत. इथली राणी मेव्ह. नवऱ्याकडे आपल्यापेक्षा एक बैल जास्त, म्हणून तोडीचा बैल आणायला तिनं उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर स्वारी केली, अशी कथा आहे. जवळच्या गुहेत मी टॉर्च घेऊन चिखलातून सरपटत शिरले; दाराच्या दगडावरच्या ओगम या जुन्या आयरिश लिपीतल्या अक्षरांत तिच्या मुलाचं नाव वाचतात.

गुरांसाठी लढाया! मला आपले वीरगळच आठवले, लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड. कितीतरी वीरगळांवर खालच्या पट्टीत गाई असतात, त्या सोडवताना पडलेल्या वीराची खूण म्हणून.

हे ऑफिसात सांगितलं तर एकजण म्हणाला, "पण तुमच्याकडे असलं काही जपत नाहीत ना?" मला फार लागलं. मी सांगितलं, आमच्याकडे त्या दगडाला शेंदूर लागतो, देव म्हणून नारळ फुटतो, म्हणून तर तो जागेवर राहतो. तुमची भीती आणि आमचा शेंदूर यांत फरक काय? शिवाय या अख्ख्या काउंटीत माणसं 70 हजार. इथं जमीन सोडणं परवडतं. हे मी बोलले ते खरंच आहे, अजूनही तसंच म्हणेन.

पण घरी येताना आजोळची विहीर डोळ्यांपुढे होती. तिथल्या पालथ्या दगडावर मामी धुणं आपटते. "खालून चित्रं आहेत," असं आजोबा सांगायचे. त्याच रात्री मामाला फोन केला.

आज त्याचा फोटो आला. चौघांनी पहारीनं दगड उलटवलाय. वर चंद्र-सूर्य, मध्ये अप्सरा, आणि तळाशी ओल्या मातीनं भरलेल्या तीन गाई.