ग्वाल्हेरचा किल्ला आणि फोर बाय फाइव्ह: जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर फोर बाय फाइव्ह कॅमेरा (चार बाय पाच इंची फिल्मच्या सुट्या शीटवर फोटो काढणारा मोठा कॅमेरा) न्यायचा असेल तर ऑटो करू नका. टॅक्सी करा, आणि ‘वर, सासबहूच्या देवळापर्यंत’ असं बसण्याआधी कबूल करून घ्या. शहरातल्या लष्कर भागातून ‘किले तक’ म्हणून ठरवलेला आमचा ऑटो उरवाई दरवाजाच्या खालीच थांबला. पुढे चढ आहे, गाडी ओढत नाही. नाही ओढत तर नाही, पण मग ट्रायपॉडचे वेगळे पैसे कशाचे? ‘इतना बडा सामान’ म्हणत ठरलेल्याच्या जवळजवळ दुप्पट मागितले. तो ट्रायपॉड सबंध रस्ता माझ्या मांडीवर होता! ग्वाल्हेरला जिच्याकडे उतरलो होतो ती आत्या नंतर म्हणाली, “अरे, मला विचारायचंस तरी.” तिला विचारलं होतं, ती म्हणाली होती, ऑटो कर.

वर दहा मिनिटांचा रस्ता आहे असं सांगणारे तो हात हलवत चढलेले असतात. पाठीवर कॅमेरा, लेन्स, फिल्मच्या शीटचे होल्डर, काळं कापड आणि खांद्यावर ट्रायपॉड असला की तोच चढ संपता संपत नाही. त्यात वळणावर हॉर्न मारत अंगावर येणाऱ्या गाड्या. पूर्वेकडच्या ग्वाल्हेर दरवाजाने, गुजरी महाल बघत पायी जा, असाही सल्ला मिळेल. ओझ्यासकट अजिबात नको. उतरताना जा, त्या वाटेवरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा लेख आहे, त्यातल्या आकड्यांत शून्य कोरलेलं दिसतं. जुन्या काळचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक होते. त्यांनी १८८०च्या दशकात हाच किल्ला काचेच्या प्लेटांवर टिपला. त्यांना सामान वाहायला माणसं मिळत असणार.

गंमत अशी की सहलीतली सगळ्यात चांगली फ्रेम याच छळवादी चढावर मिळाली. उरवाईच्या कड्यात १५व्या शतकातल्या जैन मूर्ती कोरल्या आहेत, त्यातले उभे आदिनाथ ५७ फुटी. १५२७मध्ये बाबराच्या हुकुमाने अनेक मूर्तींचे चेहरे फोडले गेले. पुढे जैन समाजाने काही गिलाव्याने पुन्हा घडवले. खालून कॅमेरा वर कलता केलात तर एवढी मोठी मूर्ती मागे कलंडल्यासारखी दिसेल. पाणसळ लावून कॅमेरा सरळ उभा करा आणि फ्रंट राइज द्या, म्हणजे कॅमेरा न कलवता नुसती लेन्स वर सरकवा. लेन्सचं प्रतिमावर्तुळ (लेन्स फिल्मवर जेवढं गोल चित्र पाडते ते) एफ २२ च्या छिद्राला २१० मिमीच्या आसपास असेल तर उभ्या फ्रेममध्ये साधारण तीन सेंटिमीटर राइज मिळतो. १५० मिमीची लेन्स पुरते, त्याहून लांब लेन्स नेऊ नका. काळ्या कापडाखाली गेलात की गाड्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी बाहेर उभं हवंच.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. ‘कॅमेरा चालतो, काही विचारत नाहीत’ हे मला फोनवर एका अनुभवी माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं. विचारतात. कागद आधीच काढून ठेवला होता म्हणून सासबहूच्या मोठ्या देवळात (१०९३चं, विष्णूचं) आतून काम करता आलं. आत अंधार आहे. लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, म्हणून एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मवर मीटरने ८ सेकंद दाखवले तर सुमारे १४ द्या, नाहीतर खांबांमधल्या सावल्या निगेटिव्हवर कोऱ्याच राहतील. मानमंदिर महालाच्या निळ्या फरशांसाठी कृष्णधवल फिल्म वाया घालवू नका. जयविलास राजवाडा, तानसेनची कबर, दोन्ही निवांत पाहिलं, छान आहे.

डेव्हलपिंग तिथेच करा असं मी म्हणेन, आणि हे दमलेला माणूस म्हणतोय. रिकामी शीट निघाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चढता येतं. आत्याच्या न्हाणीला खिडकी नाही, दाराच्या फटीत सतरंजी कोंबली की काम झालं. त्रास पाण्याचा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला गरम लागतं. आयडी-११ हा डेव्हलपर, पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. २४ अंशांना साधारण ८. त्याहून गरम पाण्यात डेव्हलप करू नका. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या परातीत ठेवा, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. निगेटिव्ह कागदावर ठेवून वर जाड काच, साधा बल्ब, की कॉन्टॅक्ट प्रिंट हातात. एन्लार्जर (चित्र मोठं करणारं यंत्र) लागत नाही. कागद आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला, घ्या. फायबरचा तासभर धुवावा लागतो, आणि उन्हाळ्यात कुणाच्या घरी एवढं पाणी सांडणं बरं नव्हे.

शेवटचं धुळीचं. फिल्म एक्स्पोज होताना तिच्यावर कण असेल तर प्रिंटवर काळा ठिपका येतो, तो पातीने खरवडावा लागतो. प्रिंट काढताना निगेटिव्हवर बसलेला कण पांढरा ठिपका देतो, तो रंगाने भरता येतो. म्हणून होल्डर प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा आणि किल्ल्यावर वारा सुटला की पडेपर्यंत थांबा.